अल्काची झील

रोवण्याच्या दिवसांत सौंदडकडच्या धानाच्या बांध्यांमधून लीलाबाईचं गाणं ऐकू आलं नाही, तर लोक समजायचे, बाई आज आजारी आहे. कंबरेत वाकून, पऱ्ह्यांच्या कोवळ्या रोपांची जुडी सोडता सोडता ती पहिली ओळ उचलायची आणि रांगेच्या पार दुसऱ्या टोकाहून तिची लेक अल्का झील धरायची, ती ओळ झेलून उत्तर द्यायची. मधल्या बाया मग आपसूक अल्काच्या मागे.

"लेक गुणाची हाये वो," शेजारची सुलोचनाबाई म्हणायची, "माय भांडली तरी सुरातच उत्तर देते!"

एक रीत होती. बांधीत उचललेलं गाणं अर्ध्यावर सोडायचं नाही. अर्धं सोडलं की लोंबीत दाणाही अर्धाच भरतो, असं म्हाताऱ्या सांगत.

नव्याण्णव सालच्या आखाडात या रीतीनंच घात केला. गाणं ऐन रंगात होतं, आणि अल्का मध्येच थांबली.

"माय, पायाले काईतरी चावलं वो."

"खेकडा असंल. गाणं पुरं होऊ दे, मंग पाहू."

अल्कानं पाय झटकला, हसली, पुढची झील धरली. धरत राहिली. शेवटाशेवटाला तिचा आवाज जड झाला, तोही लीलाबाईला दमल्यासारखा वाटला. गाणं संपवून तिनं मान वळवली, तर पोरगी धुऱ्याच्या बांधावर बसलेली आणि पापण्या मिटत चाललेल्या.

"माय, झोप येऊन राहिली."

लीलाबाईच्या नवऱ्यानं, भोजराजनं, लेकीला सायकलवर पोटाशी धरून नेलं. पण दवाखाना येण्याआधीच सापाच्या विषानं सारं संपवलं होतं.

त्यानंतरही लीलाबाई रोवायला जात राहिली. पोट कोणाला चुकलंय? गाण्याला तोंड मात्र मिटलं ते मिटलंच.

"तू उचल तर खरी," सुलोचनाबाई दरसाल म्हणायची, "झील मी धरतो ना!"

"ते जागा रिकामी नाई."

"कोण हाये मंग तिथं?"

लीलाबाई नुसती जुडी सोडायची नि वाकायची.

अशी बरीच वर्षं गेली. मग दोन हजार अकराच्या पावसाळ्यात गावच्या विहारात बुद्धाची मूर्ती बसवायला कोरियातली मंडळी आली. शहरातली नव्हेत; डोंगराच्या कुशीतल्या एका भातशेतीच्या मुलुखातली साधी माणसं. गावागावांतून वर्गणी काढून त्यांनी ती मूर्ती पाठवली होती. भाषा समजावून सांगायला नागपूरहून साक्षी नावाची मुलगी सोबत आलेली. वंदना झाली, खीर झाली, आणि मंडळीतली सुनजा नावाची सत्तरीची आजी विहारामागच्या बांधीत लीलाबाई, सुलोचनाबाई नि बाकीच्या बाया रोवताना पाहून जागीच थांबली. तिनं पायजमा गुडघ्यावर खोचला आणि सरळ चिखलात उतरली.

"अवो, धरा त्या पाहुणीले! पडंल ना!" सुलोचनाबाई ओरडली.

पडते कसली! पऱ्ह्यांची जुडी घेऊन आजी भराभर मागे सरकत रोवू लागली. ओळ अशी सरळ, की बाया हात थांबवून पाहत राहिल्या.

"त्यांच्याकडे दोन टोकांना दोघं जण दोरी ताणून धरतात," धुऱ्यावरून साक्षीनं सांगितलं, "आणि दोरीवरच्या खुणेपाशी रोप लावतात."

"अंतरपाटासारखी दोरी धरून? धानाचं लगीन लावून राहिले का?" सुलोचनाबाई म्हणाली, आणि सगळी बांधी हसली.

त्या हसण्यातच आजीनं गाणं उचललं. एक ओळ म्हटली आणि थांबली. बायांनी चिखलाच्या हातांनी टाळ्या वाजवल्या. आजीनं तीच ओळ पुन्हा म्हटली आणि पुन्हा थांबली.

"काऊन थांबते वो ते?" लीलाबाईनं विचारलं.

साक्षीनं आजीला विचारलं आणि हलक्या आवाजात सांगितलं, "उत्तरासाठी. त्यांच्यातही एकीनं म्हणायचं, बाकीच्यांनी झेलायचं. आता तिकडे मशीन रोवते. पोरं शहरात गेली, झेलणाऱ्या बाया एकेक करून वारल्या. आजी म्हणतात, सवय सुटत नाही."

आजीनं तिसऱ्यांदा ओळ उचलली. आणि लीलाबाईनं झील धरली. शब्द कुठले कळायला! नुसता सूर धरला, अल्का धरायची तसा, उंच. आजीचे डोळे चमकले. तिनं पुढची ओळ टाकली, लीलाबाईनं झेलली. आणखी एक. आणखी एक. बाया हरखून गेल्या.

लीलाबाई मात्र आतून गार होत चालली होती. जन्मभर ती गाणं उचलणारी. झील धरणाऱ्याच्या जागेवर ती कधी उभीच राहिली नव्हती. या जागेवरून थांबता येत नाही, हे तिला आज कळत होतं. समोरून ओळ येतच राहते, आणि ती आली की तोंड उघडावंच लागतं. थांबवायचं ते उचलणाऱ्यानं.

तिचा सूर फाटला. तरी तिनं पुढची ओळ झेलली. आजीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि गाणं तिथंच सोडलं. हातातली जुडी टाकली, चिखल तुडवत आली आणि लीलाबाईचे दोन्ही दंड धरले.

"अवो, अर्धंच राहिलं ना!" सुलोचनाबाई म्हणाली.

"राहू दे," लीलाबाई म्हणाली. मग पार बसलेल्या आवाजात, "थांबता येत होतं वो, सुलोचना. अल्का थांबली, तवा मले थांबता येत होतं."

सुलोचनाबाईनं चिखलात पडलेली जुडी उचलली आणि रोवायला वाकली. त्या दिवशी त्या बांधीत पुन्हा कोणी गाणं उचललं नाही.