भाऊंच्या कॉम्प्युटरमधली सनई

मला वाट बघणं जमत नाही. मोठ्या भावाचा, म्हणजे भाऊंचा, असोद्याहून फोन आला, जुन्या कॉम्प्युटरचा तिसरा आवाज बंद पडलाय, चिप गेली असणार. तेव्हापासून माझं जळगावच्या माझ्या रिपेअरिंगच्या दुकानात लक्ष लागेना.

हा कॉम्प्युटर म्हणजे नुसता एक जाडजूड कीबोर्ड, टीव्हीला जोडायचा. भाऊंनी शिकत असताना सेकंडहँड घेतलेला. त्यातली आवाजाची चिप एका वेळी तीनच सूर काढते. लग्नातल्या बँडची एक धून भाऊंनी आकड्यांत बसवून त्यात घातली होती: ढोल, बाजाची साथ आणि वर सनई. पुढे ते केळीच्या बागेत रमले, पण धून सोडली नाही. धून साठवलेली कॅसेट घासली तेव्हा मी ती मेमरी कार्डावर उतरवून दिली आणि वाजवायला नवा प्रोग्राम टाकला. त्यात प्रत्येक आवाजाची एक पट्टी पडद्यावर वरखाली होते. आता लेकीच्या हळदीला त्यांना तीच धून वाजवायची होती.

अशा चिपा आता बनत नाहीत. एक मागवली, ती बनावट निघाली. दुसरी भुसावळला येऊन अडकली आणि मी दिवसभर मोबाइलवर तिचा ठावठिकाणा बघत चिडचिडत राहिलो. बायको म्हणाली, आधी जाऊन ऐकून तरी या. मी तिच्यावरच खेकसलो. भाऊंचा कान चुकेल? कुणाच्या विहिरीवरची मोटर बिघडलीय हे ते बांधावरून सांगायचे.

चिप हातात पडताच गाडीला किक मारली आणि असोदा गाठलं. बसवली, धून लावली आणि सनई इतकी लख्ख वाजली की मी हसलोच. भाऊ टीव्हीला कान लावून उभे होते.

"अजून बंदच हाये," ते म्हणाले.

मी जुनी चिप परत बसवली. सनई तीवरही वाजत होती. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! हीसुद्धा चिप खोटी निघाली, असं सांगून वेळ मारून न्यावी असं मनात आलं. पण भाऊ आता पडद्याकडे बघत होते.

"तिसरी पट्टी तं नाचू राह्यली," ते हळूच म्हणाले.

मला त्यांच्याकडे बघवेना. ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले.

"पुन्हा लाव. सनई तू म्हन. खालच्या सुरात म्हन, म्हंजे मले ऐकू येईन."

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन गुणगुणायला लागलो. मध्येच त्यांनी माझा हात दाबून थांबवलं. तिथे तो सूर दोनदा येतो, म्हणाले. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.