पंख्यांवरचं नाव

अमरावतीच्या आमच्या चर्चला एका दुकानदाराने सहा पंखे फुकट दिले. बदल्यात पात्यांवर त्याच्या दुकानाचं नाव लाल अक्षरांत रंगवायचं, असं पाळकांशी ठरलं. तो ख्रिस्ती नव्हता, तरी दर रविवारी मागच्या बाकावर मान वर करून बसायचा.

"एवढं काय पाहता?" मी एकदा विचारलं.

"मायी जाहिरातच फसली ना भाऊ! पंखा फिरला का नाव दिसत नाई, अन् बंद केला का लोकायले घाम फुटते."

मे महिन्यात ऐन उपदेशात लाइट गेली. पंखे थांबले. घाम पुसत सगळ्यांनी वर पाहिलं, नाव वाचलं. तो मात्र मान खाली घालून शेजारच्या म्हातारीला गीतांच्या पुस्तकाने वारा घालत होता.