एकदाच सांगणारा माणूस

तीन आठवड्यांपूर्वी आटपाडीचा एक गृहस्थ कचेरीच्या ओसरीवर माझ्या मेजासमोर उभा राहिला. अर्ज लिहून घ्यावयास आला असेल, अशा समजुतीने मी टाक उचलला. तो म्हणाला, "हवालदारतात्या गेलं..." टाक हातातच राहिला.

तात्यांनी लढाईत लष्करी कोठारांवरची राखणीची कुत्री सांभाळली होती. परतल्यावर ते सांगलीच्या पांजरपोळात, बेवारस जनावरांच्या आश्रयस्थानी, बिनपगारी राबत. तेथील पत्रव्यवहार माझ्यावाचून अडेल, या खात्रीने मीही दर सकाळी सेवेस जाऊ लागलो. तात्यांनी माझ्या हाती कागद दिला नाही, भुऱ्या नावाच्या कुत्र्याचा पट्टा दिला.

भुऱ्या एका शिपायाला चावला होता. महिनाअखेरीस आमच्या कचेरीचे साहेब पाहणीस येणार होते. तोवर कुत्रा आवरला नाही, तर गोळी ठरलेली. पहिले चार दिवस तात्या त्याच्या खोलीत त्याच्याकडे पाठ करून नुसते बसले. पाचव्या दिवशी त्या दांडग्या जनावराने त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकली. एवढा अधिकार मी कोणत्याही न्यायासनाच्या ठायी पाहिलेला नाही.

मग माझी पाळी आली. "बस. बस रे बाबा, बैस ना..." मी विनवीत राहिलो.

"आवं, कुत्र्याला अर्ज करताय व्हय? येकदा सांगायचं आन् गप ऱ्हायाचं."

"आणि त्याने ऐकले नाही तर?"

"इचार करू द्या की त्येला! तुमचा साहेब म्हयनाभर अर्जावर बसतोय, तवा दम धरता न्हवं?"

पाहणीच्या दिवशी माझा पाच पानी दयेचा अर्ज साहेबांनी न उघडताच बाजूस ठेवला. "कुत्रा दाखवा." मी पट्टा तात्यांपुढे केला. ते मागे सरले. "तुमीच धरा. माझं तर कंचंबी कुत्रं ऐकतंय."

साहेबांची छडी पाहून भुऱ्या गुरगुरला. "बस," मी म्हणालो. तो बसला नाही. बंदूकवाला पुढे सरकला. साऱ्या विनवण्या माझ्या जिभेवर दाटल्या. पण तात्या माझ्याकडे पाहत होते. मी गप्प राहिलो...

भुऱ्या खाली बसला. साहेबांनी त्याला पांजरपोळातच ठेवण्याच्या हुकमावर सही केली.

"शिकला अखेर!" मी ऐटीत म्हणालो.

"त्यो कवाच शिकला हुता," तात्या म्हणाले. "तुमीच ऱ्हायला हुता."

पुढे तात्या आपल्या गावी, आटपाडीस गेले होते; तिथून बातमी आली त्या संध्याकाळी मी पांजरपोळात गेलो. भुऱ्या दाराशी आला आणि माझ्यामागे कोणी आहे का, ते पाहू लागला. "तात्या गेले," मी त्याला सांगितले. एकदाच. मग त्याच्याकडे पाठ करून खाली बसलो.