नवरा बाहेर गेल्यावर
सुक्या बोंबलांचा वास आला की अर्नाळ्याच्या माझ्या दवाखान्यात आलेली एक कोळीण आठवते. तिच्या कमरेतली कळ दोन्ही पायांत उतरत होती. "सायटिकाच हाय, गोळ्या द्या," नवरा म्हणाला. मी त्याला बाहेर बसवलं आणि तिला हळूच विचारलं, "ताई, लघवी नीट होते ना?" तिने मान खाली घातली. "सकाळपासून झालीच नाय. बसायची जागा पन बधिर झालीय. कोनाला सांगू?" मणक्यातल्या नसा दाबल्या जात होत्या; उशीर झाला असता तर पायांवरचा आणि लघवीवरचा ताबा कायमचा गेला असता. मी ताबडतोब तिला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. त्याच दिवशी ऑपरेशन झालं आणि ती पुन्हा हिंडू-फिरू लागली. हाताखालच्या डॉक्टरांना आजही मी ठणकावून सांगते, एमआरआय मागाहून, आधी बाईला एकटीला बोलू द्या.