वस्तादांचा फेटा आणि आमचे पास

जगात कुठलीही गोष्ट आपोआप बिघडत नाही, ती कुणीतरी बिघडवलेली असते, यावर आमच्या तालमीच्या वस्तादांचा ठाम विश्वास होता. त्या 'कुणीतरी'ला हुडकण्यात त्यांनी जेवढा घाम गाळला तेवढा आखाड्यातही गाळला नसेल. भाकरी करपली तर दोष जोंधळ्याचा, दाढी करताना कापलं तर आरशाचा. संस्थान विलीन झालं त्या सुमारास आम्ही तालमीतल्या पोरांनी फुटबॉलचा संघ काढला आणि वस्तादांना जन्मभर पुरेल एवढं काम मिळालं. आम्ही पळायचो छान, धडक द्यायचो त्याहून छान, पण एकाचा पास दुसऱ्यापर्यंत पोचेल तर शपथ.

शेजारच्या पेठेनं आम्हाला ओळीनं तीन वर्षं हरवलं तेव्हा वस्तादांनी भर मैदानात डोक्यावरचा गुलाबी फेटा उतरवला. "ह्यास्नी हरिवल्याबिगार डोस्क्याला लावायचा न्हाय," म्हणाले. तेव्हापासून ते लग्नाकार्यातही पंचा गुंडाळून येत. कागलच्या एका लग्नात कुणीतरी त्यांना आचारी समजून विचारलं, "पावणं, भात झाला का?" वस्ताद शांतपणे चुलाणापाशी जाऊन बघून आले आणि म्हणाले, "व्हय, हुईल इतक्यात."

मग पासांची चौकशी सुरू झाली. पहिला संशय चेंडूच्या ब्लॅडरवर. ते बदललं. मग मैदानाला उतार आहे असं ठरलं, आणि ते सिद्ध करायला वस्तादांनी मैदानाच्या मधोमध घागरभर पाणी ओतलं. पाणी कुठंही न जाता जागच्या जागी मुरलं, तर दोष पाण्याचा. आमच्या कप्तानाचं नुकतंच लग्न झालं होतं. "नजर एका जागी ठरंना त्येची," असं म्हणून त्याच्या गारगोटीच्या सासुरवाडीलाही त्यांनी आरोपींत बसवलं. मी बॅक होतो, माझी पाळी तर दर रविवारी यायची.

एका रविवारी आम्ही त्यांच्या घरी जेवायला बसलो असताना वस्तादांनी पुन्हा तोच विषय काढला. त्यांच्या बायकोला आम्ही मामी म्हणायचो. भाकरी वाढता वाढता मामी म्हणाल्या, "पोरांचा काय दोष? घावलेली पकड मेलं तरी सोडायची न्हाय, हे बारकं असल्यापास्नं तुमीच शिकिवलासा की."

वस्ताद अर्ध्या ताटावरून उठले. पुढचे तीन दिवस ते तालमीत फिरकले नाहीत. उगवतीला त्यांच्या हाकेशिवाय जोर मारताना आम्हाला मोजणीच आठवेना. पहिल्यांदाच त्यांचं वाईट वाटलं.

चौथ्या दिवशी ते आले. मेहनत झाल्यावर आम्हाला थंडाई मिळायची, ज्याचा त्याचा पेला वेगळा. त्या दिवशी अकरा जणांत एकच पितळी पेला फिरला. "एक घोट घ्यायचा आन् पुढं द्यायचा. धरून बसंल त्येला पन्नास बैठका." पहिल्या दिवशी मी दीडशे बैठका काढल्या. पण महिन्याभरात पेला असा फिरायला लागला की थेंब सांडायचा नाही, आणि मैदानात चेंडूही तसाच.

शेजारच्या पेठेशी सामना आला. लोक आमचे पास बघून टाळ्या वाजवायला लागले. शेवटच्या मिनिटाला चेंडू घेऊन मी पुढं घुसलो. समोर गोल मोकळा, गोली पडलेला. मी चेंडू अदबीनं कप्तानाला दिला. त्यानं मला परत दिला. मी पुन्हा त्याला दिला. तेवढ्यात शिट्टी झाली. शून्य-शून्य.

मान खाली घालून मी वस्तादांपुढं उभा राहिलो. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "चूक माझी. पुढं द्याया शिकिवलं, कधी ठेवायचं त्ये सांगायचं ऱ्हायलं." आणि ते पोट धरून हसले. इतक्या वर्षांत कबूल होणारा गुन्हेगार त्यांना पहिल्यांदाच सापडला होता.

पुढच्या वर्षी आम्ही जिंकलो. मामींनी ट्रंकेतून फेटा काढला तर कसरीनं त्याची चाळण केलेली. "डांबरगोळ्या कुणी घातल्या न्हाईत?" वस्तादांनी आवाज चढवला. मामींनी नुसतं बघितलं. "बरं, मीच," म्हणाले, आणि भोकांसकट फेटा बांधून मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं चालले. मी त्यांच्या मागंच होतो. भोकांतून त्यांचे पांढरे केस दिसत होते आणि मला फार आनंद झाला होता.

आता वस्ताद नाहीत. सामने मी अजून बघतो. पास चुकला की सवयीनं शेजारी वळतो. दोष कुणाचा ते सांगायला तिथं कुणी नसतं, म्हणून मग तो मीच घेतो.