घरात ठेवण्याजोगं यंत्र

प्रमोद बोरसेची बायको सात आठवडे झाले वासोण्याला बहिणीकडे राहत होती, आणि शनिवारी दुपारी ती घर बघायला यायची होती. परत यायला नव्हे, बघायला. यंत्राचा आवाज येत नसेल तर राहीन, येत असेल तर संध्याकाळच्या गाडीनं माघारी, असं तिनं फोनवर स्वच्छ सांगितलं होतं. त्याच सकाळी प्रमोदनं माझं दार वाजवलं.

"जयवंतकाका, दुपारी जरा या. साक्षीदार पाहिजे."

"कसला? लग्नाचा की काडीमोडाचा?"

"ते तुम्ही काय ऐकता त्यावर आहे," तो म्हणाला. हसला नाही.

मी एकेचाळीस वर्षं नाटकात काढली. धुळ्यापासून सावंतवाडीपर्यंत कंपनीच्या बसमधून हिंडलो आणि आता मुलाच्या नोकरीमागून सिल्वासाला येऊन डोकमर्डीतल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर विसावलो आहे. प्रमोद समोरच्या दारात राहतो. शेवटच्या रांगेतला खोकला ऐकून मी वाक्य अर्ध्यावर धरून ठेवत असे, हे मीच त्याला कधीतरी रंगवून सांगितलं होतं. त्यामुळे माझ्या कानांवर त्याचा फार विश्वास.

तो चोपड्याकडचा. विशीत मामाच्या ओळखीनं इथे आला तेव्हा सिल्वासात कारखान्यांच्या भिंती नुकत्याच उभ्या राहत होत्या. यार्नच्या कंपनीत, धाग्याला पीळ देणाऱ्या खात्यात, हेल्पर म्हणून लागला. शंभर पावलं लांबीची यंत्रं, त्यांवर हजारो चात्या, आणि प्रत्येक चाती आपापल्या सुरात किंचाळणारी. बत्तीस वर्षांत तो हेल्परचा फिटर झाला, फिटरचा फोरमन झाला. यंत्राच्या अंगावर नुसता तळवा ठेवून कुठलं बेअरिंग जाणार ते सांगायचा, असं त्याचे जुने सोबती अजून सांगतात. मग साठी झाली. हार घातला, नारळ दिला, घड्याळ दिलं.

"घरी आलो आणि घर बंद पडल्यासारखं वाटलं काका," तो एकदा म्हणाला होता. "काहीतरी चालू असायला पाहिजे ना."

ते काहीतरी त्याला तुषारकडे मिळालं. तुषार हा औद्योगिक वसाहतीतला एक इंजिनियर. त्यानं गोदामात क्रिप्टो मायनिंगची चार यंत्रं लावली होती आणि आता तो सगळं आवरत होता. यंत्र म्हणजे चपलांच्या दोन खोक्यांएवढी लोखंडी पेटी. ती अष्टौप्रहर एकच काम करते, आकडेमोड. जगभर अशी असंख्य यंत्रं एकाच कोड्याचं उत्तर शोधत बसलेली असतात. ज्या गटाला उत्तर सापडतं त्याला संगणकावरच्या चलनाचं बक्षीस मिळतं आणि गटातल्या प्रत्येकाला कष्टाप्रमाणे कणभर वाटणी. प्रमोदनं मला हे तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा मी म्हणालो, "म्हणजे आमच्या गावोगावच्या नाटकमंडळीसारखंच. राबायचं सगळ्यांनी, आणि प्रयोग कधी चालेल ते कुणालाच ठाऊक नाही."

"तुमच्याकडे टाळ्या तरी होत्या," तो म्हणाला.

पेटीला पुढे-मागे दोन छोटे पंखे होते आणि ते बोंबलायचे. माझ्या घरात, दोन बंद दारांपलीकडून, मला ते ऐकू यायचे. सुवर्णा वहिनींनी ते चार महिने सोसलं. त्या इथल्या मराठी शाळेत शिक्षिका होत्या. पन्नास-पन्नास पोरांच्या गोंगाटात उभा जन्म गेलेली बाई. एकदा जिन्यात मला म्हणाल्या, "काका, पोरांचा आवाज मधल्या सुट्टीनंतर थांबतो तरी. हा थांबतच नाही. डोक्यात खिळा ठोकल्यासारखा." होळी झाली आणि त्या पिशवी घेऊन वासोण्याला गेल्या. भांडण नाही, आदळआपट नाही. दोन डब्यांत भाजणी आणि मेतकूट भरून ठेवलं आणि गेल्या.

त्या दिवसापासून प्रमोदनं यंत्र उघडलं. विकून टाकलं असतं तर सोपं झालं असतं, हे मी त्याला म्हटलंही. पण त्याच्या डोक्यात वेगळंच होतं. "काका, हे कंपनीसाठी बनवलंय. कंपनीत माणूस यंत्राच्या कलानं राहतो. घरात यंत्रानं माणसाच्या कलानं राहायला पाहिजे. ते कुणी बनवलंच नाही अजून."

त्या सात आठवड्यांत मी रोज चहाला तिथे असायचो आणि एका माणसाची तालीम बघायचो. दोन बोंबलणारे पंखे काढून त्यानं ताटाएवढा एकच मोठा पंखा बसवला. मोठं पातं सावकाश फिरलं तरी तेवढीच हवा ओढतं, हे त्यानं मला हातानं वारा घालून दाखवलं. पेटीभोवती दुसरी पेटी केली, आतून न पेटणारं अस्तर लावलं, खाली रबराचे पाय दिले, म्हणजे थरथर फरशीत उतरणार नाही. हवा आत जाते तिथे कूलरसारखी जाळी, नळाखाली धरून धुता येईल अशी, कारण डोकमर्डीची धूळ कुणाला चुकली नाही. गरम हवा बाहेर नेणारा पत्र्याचा नळा त्यानं कपडे वाळत घालायच्या गॅलरीत काढला. "पावसाळ्यात सुवर्णाच्या साड्या दोन तासांत वाळतील," असं म्हणताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. मीटरपासून वेगळी वायर ओढली. आत ताप वाढला तर यंत्रानं स्वतःहून बंद पडावं, पण वीज जाऊन आली तर स्वतःहून सुरू होऊ नये, कुणीतरी येऊन बघून मगच बटण दाबावं, ही कंपनीतली शिस्त त्यानं घरात आणली. लुकलुकणारे सगळे दिवे झाकले. आणि सगळ्या पेटीला एकाच मापाचे स्क्रू, म्हणजे घरातल्या एकाच पेचकसानं ती उघडावी. हे शेवटचं मला फार आवडलं. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांनी बनवलेली यंत्रं उघडली आहेत, त्यालाच हे सुचतं.

शनिवारी दुपारी आम्ही दोघं त्याच्या बैठकीत बसलो. यंत्र आतल्या खोलीत पूर्ण वेगानं चालू होतं. प्रमोदनं आत यंत्राजवळ जाऊन मोबाइलवर आवाज मोजून दाखवला. आकडा छताच्या पंख्याएवढा. मग छताचा पंखाही बंद केला आणि म्हणाला, "आता ऐका."

मी डोळे मिटले. एप्रिलची दुपार, मानेवर घाम. खालून एक टेम्पो गेला. बाकी काही नाही. मी हात उंचावून म्हणालो, "तिसरी घंटा झाल्यावर पडदा उघडायच्या आधी जी शांतता असते ना प्रमोद, ती ही."

त्यानं माझा हात धरला. "मग राहील ती."

तेवढ्यात सुवर्णा वहिनी आल्या. खांद्याला पिशवी, रिक्षातल्या उन्हानं चेहरा लाल. चप्पल काढून एक पाऊल आत टाकलं आणि तिथेच थबकल्या.

"चालू आहे ना?"

"बघा काका!" प्रमोद उठून उभा राहिला. "विचारावं लागतंय तिला!"

"विचारत नाहीये. सांगतेय. चालू आहे. शीळ येतेय."

"कसली शीळ?"

"कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ सूं करते ना, तशी बारीक. पण शिट्टी काही होत नाही. नुसतं सूं, सूं." त्यांनी पिशवी दाराशीच ठेवली. "पहिला गोंगाट गेला, हे खरं. त्याच्याखाली हे होतं वाटतं."

प्रमोदचा चेहरा उतरला आणि लगेच चढला. "तुला यायचंच नाही असं सांग ना सरळ. काकांना विचार. नाटकातला माणूस आहे. त्यांना येत नाही आवाज, मला येत नाही, एकटीला तुलाच येतो?"

त्या माझ्याकडे वळल्या. "काका, खरं सांगा."

"वहिनी, खरंच काही नाही ऐकू येत."

"वय काय हो तुमचं?"

"शहात्तर," मी म्हणालो. पुढे त्या काही बोलल्या नाहीत. फार सभ्य बाई.

प्रमोद कपाटातून फाईल घेऊन आला. कंपनीत दर वर्षी कान तपासायची गाडी येई. तिचे सगळे दाखले त्यानं जपून ठेवले होते. "हे बघ. बत्तीस वर्षं. प्रत्येक कागदावर नॉर्मल."

वहिनींनी फाईल हातातही घेतली नाही. दमलेल्या आवाजात म्हणाल्या, "अहो, त्या गाडीत तुमच्यामागे तुमच्या खात्यातला संजू उभा राहायचा. डॉक्टरनं बटण दाबलेलं दिसलं की तो तुमच्या पाठीत बोट टोचायचा आणि तुम्ही हात वर करायचात. मग तुम्ही त्याला टोचायचात. तुम्हीच हसत हसत सांगितलंत मला, किती वेळा."

"सगळेच करायचे," प्रमोद म्हणाला. "नापास झाला की पॅकिंगला टाकायचे. फिटरनं पॅकिंगला जायचं?"

"मग ते कागद संजूच्या बोटाचे आहेत. तुमच्या कानाचे नाहीत."

त्यानं फाईल मिटली. पण होता तो फिटर. वादापेक्षा चाचणीवर त्याचा भरवसा. म्हणाला, "तू स्वयंपाकघरात जा. दार लाव. मी चालू-बंद करतो, तू ओरडून सांग. काका लिहून घेतील."

आठ वेळा केलं. मी त्याच्या शेजारी कागद घेऊन उभा होतो. तो बटण दाबी, मनात दहा मोजी, आणि आतून आवाज येई, "चालू." "बंद." "बंदच आहे, फसवू नका." आठही वेळा बरोबर. आणि आठही वेळा, यंत्रापासून हातभर अंतरावर उभ्या असलेल्या आम्हा दोघांना कसलीही शीळ ऐकू आली नाही.

प्रमोद फरशीवरच बसला. वहिनी बाहेर आल्या, त्यांच्याही चेहऱ्यावर जिंकल्याचा मागमूस नव्हता. मग त्यानं विचारलं, "अजून काय काय येत नाही मला?"

"दाराची बेल येते तुम्हाला. माझं बोलणं येतं, मी मोठ्यानंच बोलते, सवय झालीय." मग त्या म्हणाल्या, "शर्वरीचं नाही येत."

शर्वरी म्हणजे नात, त्यांच्या मुलाची, चिन्मयची मुलगी, पाच वर्षांची. पुण्याहून दर रविवारी फोन येतो. प्रमोद "हो हो, बरं बरं" म्हणतो आणि फोन बायकोकडे देतो. मला वाटायचं, याला पोराबाळांशी बोलायची हौस नाही. त्याला वाटायचं, पोरगी आपल्याशी पुटपुटते, आपल्याशी तिला बोलायचं नसतं.

मलाही बसावंसं वाटलं. नाटकातल्या माझ्या शेवटच्या वर्षांत केसरबाई नावाची एक गुणी नटी माझ्यासमोर काम करायची. आवाज बारीक. तू वाक्याचा शेवट गिळतेस, असं मी तिला सगळ्या मंडळींसमोर सुनावलं होतं, एकदा नाही, अनेकदा. ती खाली मान घालून ऐकायची. गिळत नसणार ती. तिचा पत्ता आता कुणाकडे असेल कोण जाणे.

प्रमोद उठला आणि यंत्राची पिन काढायला हात घातला.

"काढू नका," वहिनी म्हणाल्या. "एवढं केलंत सात आठवडे. ती शीळ कुठून येते ते तरी शोधा."

"मला ऐकू येत नाही ते मी दुरुस्त कसं करू?"

"मी सांगते ना."

त्यांनी स्टूल ओढलं आणि बसल्या. प्रमोदनं झाकण उघडलं. तोंडानं कुणी काही बोलेना. वहिनींनी हात वर केला, तळवा खाली, हळूहळू दाबत आणला. मला आधी कळलं नाही. मग ध्यानात आलं, ही कंपनीतली भाषा. धाग्याच्या खात्यात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू यायचं नाही, म्हणून तिथले लोक हातानं बोलत, आणि चौतीस वर्षांच्या संसारात ती वहिनींनीही उचलली होती. प्रमोद मोबाइलवरून वेग कमी करत गेला. तळवा अजून खाली. अजून. मग एका जागी मूठ बंद. थांब.

"गेली?"

"गेली."

शीळ यंत्राला वीज पुरवणाऱ्या डब्यातून येत होती, भार कमी झाला की मिटत होती. पण तिथवर येईतो यंत्र तिसऱ्या हिश्श्याच्या चालीवर आलं होतं.

"यावर हे मिळवणार काय?" मी विचारलं.

"काही नाही म्हणा," प्रमोद म्हणाला. "चालू राहील एवढंच." त्यानं झाकण लावलं, एकेक स्क्रू सावकाश पिळला.

संध्याकाळची गाडी तोवर निघून गेली होती. वहिनींनी घड्याळाकडे बघितलं, पदरानं मान पुसली. "आज राहते. उद्याही. सोमवारी तुम्हाला दोघांनाही कानाच्या डॉक्टरकडे नेते. आणि तिथे मागे मी उभी राहणार नाही."

"मंगळवारी?" प्रमोदनं विचारलं.

"सोमवार तर होऊ दे आधी."

त्या चहा टाकायला आत गेल्या. पिशवी मात्र आत नेली नाही. ती दाराशीच होती. प्रमोदनं ती उचलली, क्षणभर हातात धरली आणि पुन्हा होती तिथेच ठेवली.