सांगावा कोणी न्यायचा

एकोणऐंशी साली, विंचूरच्या अलीकडच्या एका खेड्यात, विहाराच्या ओसरीवर दुपारी बायकांचा साक्षरता वर्ग भरायचा. एके दिवशी शिकवणाऱ्या वत्सलाबाईंनी फळ्यावर लिहिलं, ‘रद्द करणे’. म्हणाल्या, “वाक्य करा.”

कुणी म्हणालं, एसटी रद्द झाली. कुणी म्हणालं, रेशनकार्ड रद्द झालं.

“कायदासुद्धा रद्द होतो,” वत्सलाबाई म्हणाल्या. “चाल मात्र रद्द होत नाही, ती मोडावी लागते. एकोणसाठ साली सरकारनं आपली महारकीची वतनं रद्द केली. तेव्हापासून गावचं सांगकाम आपल्यावर बंधनकारक नाही.”

बयाबाईची पेन्सिल थांबली. वीस वर्षं! पाटलाच्या घरी कुणी मेलं की तिचा नवरा सहादू मर्तिकाचा सांगावा घेऊन गावोगाव पायी जायचा. दाराबाहेर उभं राहून मेलेल्याचं नाव सांगायचं, वरून टाकलेली भाकर झेलायची आणि माघारी यायचं. गेल्या वैशाखात त्याच्या तळपायांना फोड आले, तेव्हा तिनंच खोबरेल लावलं होतं. वतनाची जमीन पाटलाच्या वहिवाटीत गेली ते लगेच कळलं. काम गेलं ते सांगायला तलाठी आला नाही, मतं मागणारेही आले नाहीत!

आठ दिवसांत पाटलाची आत्या गेली. पाटलाचा पोरगा गोटीराम वस्तीवर येऊन साठीच्या सहादूला हाका मारायला लागला.

“ए सहादू, आत्याबाई गेली. विंचूरला सांगावा घेऊन जा.”

सहादूनं वहाणा घातल्या. बयाबाई दारात आडवी उभी राहिली. आधी तिनं हात जोडले.

“म्हातारीला शांती लाभो. पण हे जायचे नाय. ते काम सरकारनं कधीच रद्द केलंय.”

“बालिष्टर झाली व्हय गं! सरकारनं केलं असंल रद्द, गावानं नाय केलं.”

“मग गावानं जावं. तुमच्या दारात फटफटी हाय ना?”

“बये, गप,” सहादू पुटपुटला. “कांद्याचं काम जाईल.”

“जाऊ द्या! तुमचे पाय काय गावानं इकत घेतलेत?”

गोटीराम लाल झाला. “उद्यापासून दोघांनी आमच्या वावरात पाय ठेवायचा नाय.”

“नाय ठेवत.”

सहादू दोघांकडे बघत राहिला. मग वाकून त्यानं वहाणा काढल्या. थोड्या वेळानं विंचूरच्या रस्त्यावर फटफटीचा आवाज आला.

पाटलानं काम तोडलं ते तोडलंच. सकाळ-संध्याकाळ पोथी वाचणाऱ्या गावात एकानंही त्याला जाब विचारला नाही. बयाबाई ट्रकमध्ये बसून लासलगावला कांदा निवडायला जाऊ लागली. पाटलाच्या भावकीत पुढे आणखी मर्तिकं झाली, पण बोलवायला वस्तीवर कुणी आलं नाही. सहादूच मात्र कुणी गेल्याचं कानावर आलं की उठून उंबऱ्यापर्यंत यायचा.

“बसा,” बयाबाई म्हणायची.